बलुते
बलुते : गावातील कारागीर व सेवक यांना वर्षभराच्या कामाबद्दल पीक निघताना शेतकऱ्याकडून मिळणारा धान्यरूप मोबदला. पैशावाचून चालणाऱ्या विनिमयाचा हा महाराष्ट्रातील एक रूढ प्रकार होता. कोल्हापूर संस्थानातील खेड्यांतही तो प्रचलित होता. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग इ. बलुतेदार बारा मानले जात. यादी मात्र गावोगाव बदले. त्र्यं. ना. आत्रे यांच्या गावगाडा (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आढळते.

या व्यवहारात वस्तूस वस्तू तोलली जात नसे. सुताराने नांगर कितीदा दुरुस्त केला, याची मोजदाद कोणी ठेवीत नसे. लाकूड शेतकऱ्याचे, श्रम सुताराचे आणि फेड खळ्यावर, पेंढ्यांच्या वा धान्याच्या रूपाने होई. साहजिकच पावसाने ओढ दिली, की बलुतेदाराचा वाटाही आटे. काम मात्र तेवढेच राही. उसासारखे नगदी पीक खळ्यावर येत नाही. १८९५ मध्ये शाहूपुरीची गुळाची पेठ वसल्यानंतर कोल्हापूर भागात रोख व्यवहारास मोठे केंद्र लाभले.

ही देवघेव परस्परसोयीची म्हणून पुष्कळदा वाखाणली जाते. परंतु काम नाकारण्याची किंवा मोबदला ठरविण्याची मुभा दोन्ही पक्षांस सारखी नव्हती. महारांच्या बाबतीत तर बलुते व वतनाची तुटपुंजी जमीन यांच्या बदल्यात गावकी व सरकारी कामे सर्व जमातीवर लादली जात. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महार वतने रद्द करून त्या जमिनी रयताव्याने व्यक्तींच्या नावे करून दिल्या. त्यांनी वेठबिगारीसही बंदी घातली. ब्रिटिश मुंबई इलाख्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. बलुत्याऐवजी शेतसाऱ्याबरोबर रोख पट्टी वसूल करावी, ही त्यातील एक महत्त्वाची तरतूद होती. शेतकऱ्याच्या खळ्यावर हात पसरावा लागू नये, हा तिचा आशय. म्हणजे येथे सुधारकांना पैसा मुक्तीचे साधन वाटला. १९२९ मध्ये हे विधेयक मागे घेण्यात आले. पुढे १९५८ च्या मुंबई कनिष्ठ गाव वतन निर्मूलन अधिनियमाने अशी वतने नाहीशी झाली.

शेतकऱ्यांतील पैरा याहून वेगळा. भातलावणी, भांगलण यांसारख्या कामांना एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबणे, असे त्याचे स्वरूप असते. त्यात श्रमाची फेड श्रमानेच, बहुधा त्याच हंगामात होते.