पगार जास्त की वेळ जास्त?

मागच्या व्याख्यानानंतर एक माजी विद्यार्थी भेटला. म्हणाला, "सर, दोन ऑफर आहेत. एक हिंजवडीची, रोज ऑफिसला जायचं, हातात ९५,००० रुपये. दुसरी घरून काम, ७०,०००, पण साताऱ्याला आईबाबांजवळ राहता येईल. काय करू?" आता तत्त्वज्ञानाच्या माणसाला उत्तर मागणं ही चूकच! पण प्रश्न नीट मांडणं आपलं काम आहे. तो आज मांडू या.

आधी हिशेब. फरक २५,००० चा. पुण्यात खोलीचं भाडं, मेस, पेट्रोल मिळून त्याचे १८,००० जाणार. उरले ७,०००. जाण्यायेण्यात रोज तीन तास, महिन्याचे बावीस दिवस, म्हणजे ६६ तास. तासाला साधारण १०६ रुपये पडले. घरून नऊ तास काम केलं तर त्याच्या तासाला साडेतीनशे मिळतात. म्हणजे ट्रॅफिकमधला तास तो एक तृतीयांशाहून कमी भावात विकतोय. ॲडम स्मिथनं १७७६ सालीच 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये सांगून ठेवलंय की काम जितकं त्रासाचं, तितकी मजुरी जास्त द्यावी लागते. जास्तीचा पगार हा पुष्कळदा त्रासाचा मोबदला असतो. तो त्रासाला पुरतो का, एवढं आपण बघायचं.

मग साताराच, असं तुम्ही म्हणाल. थांबा. ऑफिसात अनुभवी माणसाच्या शेजारी बसून जे शिकता येतं, शहरात एकट्यानं उभं राहण्याची जी सवय लागते, ती या हिशेबात कुठं आली? ॲरिस्टॉटल म्हणतो, पैसा हा दुसऱ्या कशासाठी तरी हवा असतो. आपणही अर्थाला पुरुषार्थ मानलं, पण चारांतला एक. तेव्हा 'कशासाठी' हे ठरल्याशिवाय 'किती' याला अर्थ नाही.

इथं रूथ चँग या तत्त्वज्ञ बाईंचा एक विचार उपयोगी पडतो. दोन पर्याय अगदी समसमान असतील, तर एकात थोडी भर घातली की पारडं झुकायला हवं. मी त्याला विचारलं, "घरच्या कामाचे ७१,००० दिले तर सुटेल का प्रश्न?" म्हणाला, "नाही सर, तसाच राहील." म्हणजे पर्याय समान नाहीत, आणि एक दुसऱ्याहून सरसही नाही. ते एका तोलाचे आहेत, पण वेगळ्या जातीचे. अशा वेळी योग्य उत्तर कुठं दडलेलं नसतं, की शोधलं आणि सापडलं. एका बाजूला आपण स्वतः उभं राहायचं असतं, आणि त्यातूनच आपण कोण हे ठरतं.

एक सावधगिरी. डोक्यावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता असेल, तर ही चर्चा चैनीची वाटेल, आणि ते रास्त आहे. निवडायला आधी मोकळीक लागते.

जाता जाता तो म्हणाला, "बाबांना मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. पण तेच म्हणतात, तू पुण्याला जा." इतका वेळ आम्ही रुपये मोजत होतो आणि खरी गोष्ट दाराशी उभी होती. मी एवढंच म्हटलं, "बाबांचं ऐकायचं की बाबांजवळ राहायचं, हे ठरव. पगाराचं मग बघू."

तुमच्याही हिशेबात न आलेली अशी एक ओळ असेल. ती आधी लिहा.