बॉयकॉट नावाचा माणूस

1905ची स्वदेशी चळवळ शिकवताना मी फळ्यावर ‘बॉयकॉट’ लिहिते आणि मुलांना आधी आयर्लंडला नेते. कारण हे एका माणसाचं आडनाव आहे.

चार्ल्स बॉयकॉट हा मेयो परगण्यात लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी. 1880 साली कुळांनी खंडात 25 टक्के सूट मागितली. जमीनदार 10 टक्क्यांवर अडला. सप्टेंबरात बॉयकॉटने कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. त्याच सुमारास पार्नेल या नेत्याने एनिसच्या सभेत सांगितलं होतं, की हिसकावलेली जमीन जो घेईल त्याला एकटं पाडा. गावाने तोच उपाय बॉयकॉटवर केला. नोकर-मजूर निघून गेले, दुकानदार माल देईनात. शेवटी कापणीला बाहेरून 50 माणसं आणली. त्यांच्या रक्षणाला सैनिक आणि पोलीस. सुमारे 500 पौंडांच्या पिकापायी 10,000 पौंड खर्च झाले. डिसेंबरात बॉयकॉटने आयर्लंड सोडलं, तोवर वर्तमानपत्रांत त्याच्या नावाचं क्रियापद झालं होतं.

टिळकांच्या चतुःसूत्रीतला बहिष्कार याच वळणाचा, दुबळ्यांनी सत्तेविरुद्ध उगारलेला. पण जातपंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकते, तेव्हा बळ उलट्या बाजूला असतं. महाराष्ट्राने 2016 मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, तो योग्यच. हे हत्यार कोणाच्या हाती आहे आणि कोणावर चालतंय, हे मुलांनी प्रत्येक वेळी विचारावं, असं मला मनापासून वाटतं.