हिशेबाचे सॉफ्टवेअर कधी बदलावे?

मध्यम आकाराच्या कंपनीतले हिशेबाचे सॉफ्टवेअर सहसा एके दिवशी बंद पडत नाही. ते हळूहळू अपुरे पडत जाते. बिले एका प्रोग्राममध्ये, गोदामातला साठा दुसऱ्यात आणि दोहोंचा ताळमेळ एक्सेलच्या अशा शीटमध्ये, जी लेखा विभागातल्या एकाच माणसाला उलगडते. तो रजेवर गेला की महिनाअखेर लांबते. सॉफ्टवेअर किती वर्षांचे आहे यापेक्षा त्याच्याबाहेर किती काम चालते, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

वयाचा मुद्दा अगदीच गौण नाही. अनेक कंपन्यांनी एकेकाळी ओळखीच्या प्रोग्रामरकडून फॉक्सप्रोमध्ये हिशेबाचे प्रोग्राम लिहून घेतले. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ मध्ये आली आणि मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१५ मध्ये तिची देखभालही थांबवली. असे प्रोग्राम चालतात, पण ते दुरुस्त करणारा माणूस शोधावा लागतो.

भारतात बदलाचा खरा रेटा कायद्याकडून येतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ई-इन्व्हॉइसची सक्ती ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरील उलाढालीपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवरील व्यवसायांपर्यंत उतरली. ही सक्ती असलेल्यांचे बिल ई-इन्व्हॉइसच्या सरकारी पोर्टलवरून क्रमांक मिळाल्याशिवाय वैध ठरत नाही. ग्राहकाचे इनपुट टॅक्स क्रेडिटही अडकू शकते. १ एप्रिल २०२३ पासून तर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरने नोंदीतला प्रत्येक बदल तारखेसह टिपला पाहिजे आणि ती सोय बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाला अहवालात याबद्दल लिहावे लागते. जुनी नोंद गुपचूप खोडून नवी टाकण्याची ज्यांना सवय होती, त्यांची अडचण अर्थातच तांत्रिक नव्हती.

एकच कारखाना, एकच जीएसटी नोंदणी आणि टॅलीसारख्या पॅकेजची ताजी आवृत्ती असेल, तर ईआरपीची, म्हणजे सगळे विभाग एकत्र जोडणाऱ्या महागड्या सॉफ्टवेअरची, घाई नको. दुसऱ्या राज्यात शाखा निघाली, उपकंपनी झाली, दोन्ही कंपन्यांचे ताळेबंद हाताने एकत्र करावे लागू लागले, की वेळ आली असे समजावे.

तारीख मात्र विचार करून ठरवावी लागते. १ एप्रिल सोयीचा वाटतो, पण तेव्हा लेखा विभाग वर्षअखेरीच्या कामात बुडालेला असतो आणि आरंभीच्या शिलकांचे लेखापरीक्षण व्हायचे असते. १ ऑक्टोबर दिवाळीच्या विक्रीवर जगणाऱ्यांना परवडत नाही. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत नवी प्रणाली सुरू केली. हॅलोविनच्या तोंडावर माल तयार असूनही सुमारे १० कोटी डॉलरच्या मागण्या तिला पुरवता आल्या नाहीत. धंदा मंद असलेल्या तिमाहीची पहिली तारीख त्या मानाने सुरक्षित.

खरे कष्ट डेटाच्या सफाईत असतात. एकाच पुरवठादाराची तीन नावांनी उघडलेली खाती, वर्षानुवर्षे पडून असलेली येणी, चुकीचे जीएसटी क्रमांक हे सगळे आधी निस्तरावे लागते. मग महिना-दोन महिने दोन्ही प्रणाली समांतर चालवून विवरणपत्रांचे आणि बँकेचे आकडे जुळतात का, ते पाहतात. या काळात कर्मचाऱ्यांना दुप्पट काम पडते, आणि मालक नेमका हाच खर्च वाचवू पाहतात. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके ८ वर्षे जपावी लागतात, त्यामुळे जुना सर्व्हर भंगारात देण्याआधी त्यातला डेटा वाचता येईल अशा स्वरूपात काढून ठेवावा लागतो.