ओकाचिमाचीच्या पुढचे स्थानक

जळगावच्या सराफ बाजारातील पेढी आणि टोकियोतील ओकाचिमाची यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, पण व्यापाराच्या दृष्टीने ते फार नाही. ओकाचिमाची ही जपानमधील जडजवाहिरांची घाऊक पेठ. रत्नांच्या व्यापारासाठी गेलेली भारतीय कुटुंबे तेथे स्थिरावली असून त्यांत जैन कुटुंबांची संख्या लक्षणीय आहे. मोत्यांच्या व्यापारामुळे कोबे शहराशीही आपल्या समाजाचे जुने नाते आहे. तेथील कितानो भागात १९८५ साली भगवान महावीरस्वामींचे संगमरवरी मंदिर उभे राहिले. त्यामुळे खान्देशातील एखादे व्यापारी कुटुंब जपानला गेले, की पेढी आणि देरासर हे दोन मुक्काम आधीच ठरलेले असतात. तिसरा मुक्काम मात्र अलीकडे घरातील तरुण मुलगा ठरवतो.

ओकाचिमाचीहून रेल्वेचे पुढचेच स्थानक आकिहाबारा. पायी निघाले तरी पाव तासात पोहोचता येते. वडील मोत्यांची झळाळी पारखत बसलेले असतात, तेवढ्या वेळात मुलगा आकिहाबाराच्या एखाद्या अरुंद इमारतीचे जिने चढून जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी पारखत असतो. कोबेला मुक्काम असेल, तर अर्ध्या तासाच्या रेल्वे प्रवासावर ओसाका आणि तेथील निप्पोनबाशी भागातील ‘डेन डेन टाउन’ ही अशीच दुसरी पेठ आहे. जपानबाहेर कधीही विक्रीस न आलेला खेळ मिळवणे, हा या मुलांचा शोध. घरातील वडीलधाऱ्यांना तो पोरखेळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्यामागील अर्थव्यवहार समजून घेतला, तर त्यात व्यापाऱ्याच्या ओळखीचे पुष्कळ काही आढळते.

एक माल, वेगळे बाजार

निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली ‘फॅमिली कॉम्प्युटर’ अर्थात ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १४,८०० येन किमतीला जपानच्या बाजारात आणले. तेच यंत्र १९८५ साली अमेरिकेत गेले ते वेगळ्या नावाने व वेगळ्या रूपात. जपानी कॅसेटीला ६० पिना, तर अमेरिकी कॅसेटीला ७२. शिवाय अमेरिकी यंत्रात एक कुलूपवजा चिप बसवलेली होती. कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट ती चालूच देत नसे. पुढे तबकड्यांच्या काळातही हीच रीत राहिली. चित्रपटांच्या डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडले गेले, त्यांत जपानचा क्रमांक दोन आणि भारताचा पाच.

यामागचा हेतू व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. एका जिल्ह्याची एजन्सी एकाला दिली, की दुसऱ्या जिल्ह्यातील माल तेथे उतरू नये, असाच तो बंदोबस्त. प्रत्येक देशात वेगळा भाव ठेवता यावा, हाही हेतू असतो. याचे ताजे उदाहरण जून २०२५ मधील ‘स्विच २’ हे यंत्र. केवळ जपानी भाषेत चालणारी त्याची आवृत्ती ४९,९८० येनला आणि अनेक भाषांची आवृत्ती ६९,९८० येनला विक्रीस आली. स्वस्त आवृत्तीला जपानमध्ये नोंदवलेले खातेच जोडता येते. भाव पाहून घाईने ती उचलणाऱ्या प्रवाशाला घरी परतल्यावर चूक कळते.

काही खेळ अन्य कारणांनी जपानमध्येच राहिले. ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ हा १९८६ सालचा खेळ अमेरिकी मुलांना फार अवघड जाईल, असे ठरवण्यात आले. तेथे १९८८ साली त्याच नावाने एका निराळ्याच जपानी खेळाला मारिओचा पोशाख चढवून तो विकण्यात आला. मूळ खेळ अमेरिकेत पोहोचायला १९९३ साल उजाडले. ‘मदर ३’ हा २००६ सालचा खेळ तर इंग्रजीत अधिकृतपणे आलाच नाही. शेवटी २००८ साली त्याच्या चाहत्यांनी स्वतःच त्याचे भाषांतर केले.

खान्देशातील वाचकांना यातील एक गोष्ट गमतीची वाटेल. १९९० नंतरच्या दशकात आपल्या घरांत दिवाळीला किंवा उन्हाळी सुट्टीला जो ‘टीव्ही गेम’ येत असे, तो बहुधा त्या फॅमिकॉमचीच नक्कल असे. अमेरिकेत न चालणारी ६० पिनांची जपानी कॅसेट धुळे-जळगावच्या मुलांच्या यंत्रात सहज बसत होती. आपण त्या वस्तूला ‘कॅसेट’ म्हणत आलो. जपानी लोकही तिला ‘कासेट्टो’च म्हणतात.

काय शोधावे

व्यापारी कुटुंबाने आवर्जून पाहावी अशी मालिका म्हणजे ‘मोमोतारो देन्तेत्सु’. ती १९८८ साली सुरू झाली आणि आजही तिच्या नव्या आवृत्त्या निघतात, पण त्या जपानपुरत्याच. यात प्रत्येक खेळाडू एका रेल्वे कंपनीचा अध्यक्ष असतो. फासा टाकत जपानच्या नकाशावर प्रवास करायचा, ठरलेल्या शहरी प्रथम पोहोचून बक्षीस मिळवायचे आणि वाटेतील गावांत तेथील वैशिष्ट्यपूर्ण उद्योग विकत घ्यायचे, असे त्याचे स्वरूप. एका गावातील सर्व उद्योग एकाच्या हाती आले, की त्यांचे उत्पन्न दुप्पट होते. खेळातील वर्ष एप्रिलला सुरू होते आणि मार्चअखेर हिशेब होतो, हे आपल्या दुकानांतील मुलांना वेगळे शिकवावे लागणार नाही.

या खेळातील सर्वांत बोलके पात्र म्हणजे ‘बिन्बोगामी’ अर्थात दारिद्र्यदेव. कोणीतरी मुक्कामी पोहोचला, की त्या क्षणी जो सर्वांत दूर असेल त्याला हा येऊन चिकटतो. मग तो न विचारता निरुपयोगी वस्तू विकत घेतो, मालमत्ता पडत्या भावात विकून टाकतो. दुसऱ्या खेळाडूला गाठले, की ही पीडा त्याच्या गळ्यात घालता येते. जपानमध्ये भूगोल शिकण्यासाठी या खेळाचा उपयोग होतो. २०२३ साली शाळांसाठी त्याची विनामूल्य शैक्षणिक आवृत्तीही उपलब्ध झाली.

भुसावळसारखे जंक्शन ज्या जिल्ह्यात आहे, तेथील मुलांना ‘देन्शा दे गो!’ आवडल्यावाचून राहणार नाही. ताइतो कंपनीचा हा खेळ १९९६ साली आला. त्यात शर्यत नाही आणि मारामारीही नाही. रेल्वेचालक होऊन गाडी सेकंदाच्या हिशेबाने वेळेवर न्यायची आणि फलाटावरील खुणेशी अचूक थांबवायची. उशीर झाला किंवा गाडी खुणेच्या पुढे गेली, की गुण जातात. त्यासाठी गाडीच्या हातदांड्यांसारखी दोन तरफांची स्वतंत्र पेटीही मिळते.

‘तोर्नेको नो दाइबोकेन’ या १९९३ सालच्या खेळाचा नायक योद्धा नसून दुकानदार आहे. भुयारातून वस्तू शोधून आणायच्या आणि त्यातून आपले दुकान वाढवायचे, हे त्याचे ध्येय. तोर्नेको हे पात्र मूळचे ‘ड्रॅगन क्वेस्ट ४’ या १९९० सालच्या खेळातील. तेथे तो दुसऱ्याच्या दुकानात नोकरी करून पैसा जमवतो आणि मग स्वतःचे दुकान थाटतो. अनेक कुटुंबांत आजोबांची गोष्ट अशीच सुरू होते.

खान्देशच्या उन्हाला शोभेल असा एक खेळही आहे. ‘बोकुताई’ मालिकेच्या कॅसेटीवर सूर्यप्रकाश मोजणारे साधन बसवलेले असते आणि खेळाडू खरोखर उन्हात बसला तरच नायकाला बळ मिळते. मालिकेतील २००५ सालचा तिसरा खेळ जपानबाहेर गेला नाही.

पारख आणि खबरदारी

या खरेदीत सराफी पारख कामी येते. जुन्या खेळांना भाव चढल्यापासून बनावट कॅसेटीही मुबलक झाल्या आहेत. ‘गेमबॉय अॅडव्हान्स’च्या अस्सल कॅसेटीच्या लेबलावर तिरपे धरल्यास दोन आकडी दाबलेला ठसा दिसतो. छपाई पुसट असेल, स्क्रू साध्या पेचकसाचा असेल, तर संशय घ्यावा. अनेक जुन्या कॅसेटींत खेळाची नोंद जपणारी लहान बॅटरी असते. ती वीस-पंचवीस वर्षांत संपते आणि डाग देऊन बदलावी लागते. ‘हार्ड ऑफ’सारख्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत ‘जंक’ असे लिहिलेल्या टोपल्या असतात. तेथील माल स्वस्त, पण हमी शून्य.

जपानमधील वीज १०० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. तेथील जुन्या यंत्राचा अडॅप्टर सरळ आपल्या भिंतीत खोचला, तर तो जळतो. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आधी घ्यावा. जुनी यंत्रे व पहिल्या दोन प्लेस्टेशनच्या तबकड्या विभागाने बांधलेल्या असतात, तर २०१७ सालच्या ‘स्विच’ यंत्रावर कोणत्याही देशाची कॅसेट चालते. मात्र जपानी कॅसेटीतील खेळात जपानीखेरीज अन्य भाषा असेलच असे नाही, हे ध्यानात ठेवावे.

तेथील उपभोग कर १० टक्के आहे. पाच हजार येन व त्यावरील खरेदीवर परदेशी पर्यटकाला पासपोर्ट दाखवून दुकानातच तो माफ होत असे. १ नोव्हेंबर २०२६ पासून कर आधी भरून देश सोडताना परत घेण्याची पद्धत ठरली आहे. परतताना भारतीय सीमाशुल्काची प्रचलित मर्यादा पाहून घ्यावी आणि प्रत्येक वस्तूची पावती जपावी.

पिठाचा कोंबडा

जैन घरात याहून महत्त्वाचे दोन प्रश्न उरतात. पहिला हिंसेचा. बहुसंख्य लोकप्रिय खेळांत शत्रूला मारणे हाच आनंद असतो. ‘ते तर पडद्यावरचे चित्र’, असे मुले म्हणतात. राजा यशोधराची कथा या जागी आठवावी. मातेच्या आग्रहास्तव त्याने जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. कोणाचाही जीव गेला नव्हता. तरीही मनातील संकल्प हिंसेचाच असल्याने माता आणि पुत्र दोघांनाही अनेक योनींत दुःख भोगावे लागले. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांतील फरक या कथेइतका नेमका क्वचितच कोठे सांगितला गेला असेल. खेळ निवडताना मुलासमोर ही कथा ठेवली, तर नुसत्या मनाईपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. रेल्वे वेळेवर नेण्याचा आणि फाशावर उद्योग उभारण्याचा खेळ त्याच दुकानात, बाजूच्याच फळीवर असतो.

दुसरा प्रश्न परिग्रहाचा. संग्राहकाचे मन कधी भरत नाही. एक खेळ मिळाला, की त्याची मूळ पेटी हवी, पेटी मिळाली, की न उघडलेली प्रत हवी. खेळण्यासाठी घेतलेली वस्तू मग खेळलीच जात नाही. श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात वस्तूंचा संपूर्ण त्याग सांगितलेला नाही, परिमाण सांगितले आहे. प्रवासाला निघण्यापूर्वीच नग किती आणि रक्कम किती हे कागदावर लिहून सही केली, तर आकिहाबाराच्या चौथ्या मजल्यावर तो कागद फार उपयोगी पडतो. नवे एक आले, तर जुने एक कोणाला तरी द्यावे, हा नियमही त्यास जोडता येईल.

घरचा पट

हा शोध उलट दिशेनेही होतो. भारतापुरते निघालेले खेळही आहेत. हैदराबादच्या ऑरोना कंपनीचा ‘हनुमान : बॉय वॉरियर’ आणि विटीदांडू, कबड्डी, पतंग असलेला ‘देसी अड्डा’ हे २००९ साली प्लेस्टेशन २ साठी आले. परदेशी संग्राहकाच्या दृष्टीने दुर्मीळ आता या तबकड्या. आपल्याकडे त्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून थेट भंगारात जातात.

त्याहून जुना ठेवा तर आपल्या धर्मातच आहे. ज्ञानबाजी किंवा ज्ञानचौपड या पटाला महाराष्ट्र मोक्षपट म्हणून ओळखतो. त्याच्या जैन रूपात साधारणतः ८४ घरे असतात. कवड्या किंवा फासे टाकून जीव खालून वर चढतो. सद्गुणांच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणांच्या घरातून साप खाली नरकाकडे आणतो आणि सर्वांत वर असते सिद्धशिला. पर्युषणाच्या दिवसांत तो खेळण्याची परंपरा होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडमध्ये गेला आणि ‘स्नेक्स अँड लॅडर्स’ होऊन परत आला. परतताना कर्म आणि मोक्ष गळून पडले, उरले नुसते आकडे. कापडावर रंगवलेला जैन पट पाहायचा, तर आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचे नाव घ्यावे लागते. या पटांचा पद्धतशीर अभ्यास १९८५ साली अँड्र्यू टॉप्सफील्ड या इंग्रज विद्वानाने प्रसिद्ध केला.

मोमोतारोचा फासा आणि ज्ञानबाजीची कवडी यांत नाते आहे. दोन्हींत दैव आहे, चढउतार आहेत. जपानने आपला पट नव्या यंत्रात आणून मुलांच्या हाती दिला, तर आपला पट काचेआड गेला. आकिहाबाराहून परतलेल्या मुलाला येत्या पर्युषणात आजीने घरातील जुना पेटारा उघडून दाखवावा. त्यात असा पट निघाला, तर तो घडी मोडून जमिनीवर अंथरावा. न निघाला, तर पुठ्ठ्यावर ८४ घरे आखायला एक दुपार पुरते. कोणत्या घरात कोणता दोष आणि कोणता गुण लिहायचा, हे ठरवताना आजीला आणि नातवाला एकमेकांशी बोलावेच लागेल.