जठराच्या दारातली जाळी

रात्री खाल्लेली भाकरी दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी उलटून पडते. दोन घासांत पोट गच्च होतं, कूस बदलली की आत पाणी डुचमळतं. 'पित्त झालंय' म्हणून हे अंगावर काढू नका. अशा उलटीत हिरवं पित्त बहुधा नसतंच, कारण पित्त आतड्यात उतरतं त्याच्या अलीकडेच वाट बंद झालेली असते.

जठरातलं अन्न एका अरुंद दारातून लहान आतड्यात जातं. जठराच्या खालच्या भागातली, स्वादुपिंडातली किंवा पित्ताशयातली कॅन्सरची गाठ वाढली की हे दार किंवा त्यापुढची वाट दाबली जाते. गाठ काढण्याजोगी राहिली नसेल, तर निदान तोंडाने खाता यावं म्हणून तिथे धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवता येते.

आधी नाकातून नळी घालून साचलेलं अन्न काढतात, सलाईनमधून पाणी आणि क्षार भरून काढतात. सीटी स्कॅनमध्ये पुढे आतड्यात दुसरा अडथळा नाही ना, हे पाहतात. तो असेल तर एका जाळीने भागत नाही. कावीळ असल्यास पित्तनळीचा अडथळा शक्यतो आधी मोकळा करतात, कारण जाळीने तिचं तोंड झाकलं तर नंतर तिथे पोचणं अवघड होतं.

मग गुंगीचं औषध देऊन तोंडातून दुर्बीण उतरवतात. एक्स-रेवर बघत अडथळ्यातून बारीक तार पलीकडे नेतात. मिटलेली जाळी त्या तारेवरून सरकवून जागेवर सोडतात. ती निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची असते. स्वतःच्या ताणाने एक-दोन दिवसांत उमलते आणि साधारण दोन सेंटीमीटर रुंद वाट करते. पोटावर कुठेही चिरा पडत नाही.

सुरुवातीला ताक, पेज, वरणाचं पाणी. ते पचलं की मऊ भात, ज्वारीच्या कण्या, दुधात पूर्ण भिजून मऊ झालेली भाकरी. पालेभाज्यांचे देठ, मटणाचे तुकडे, कोरडी भाकरी जाळीत अडकते. थोडं थोडं खावं, बसून खावं.

जाळीने कॅन्सर बरा होत नाही. काही महिन्यांत गाठ तिच्यातून आत वाढू शकते, जाळी सरकू शकते. क्वचित रक्तस्राव होतो किंवा आतड्याला छिद्र पडतं. ताप, असह्य पोटदुखी, काळी शी किंवा पुन्हा उलट्या झाल्यास लगेच रुग्णालय गाठा. अंगात ताकद असेल आणि हातात बरेच महिने असतील, तर जठर थेट आतड्याला जोडणारी शस्त्रक्रिया जास्त टिकते. दिवस थोडे असतील तर जाळी बरी, कारण खाणं लवकर सुरू होतं.

म्हणून सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा: जाळी का, ऑपरेशन का नाही? अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाताना रिपोर्ट आणि सीटीची सीडी एकाच फाईलमध्ये न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते आरोग्यमित्राला विचारा.

आणि पेशंटलाही विचारा, त्यांना काय हवंय. महिनाभर नाकातल्या नळीवर राहिलेल्या माणसाला आपल्या घरी, आपल्या माणसांत बसून वाटीभर पेज पिता येणं, हे उपचाराचं पूर्ण यश आहे.