शिंगे वाढली, भिंत मात्र तीच!

पुणे, प्रतिनिधी

कर्वेनगरात गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. बैठे बंगले आणि जुन्या छोट्या इमारती पाडून त्यांच्या जागी काँक्रीटचे उंच मनोरे उभे राहू लागले आणि २०२० च्या टाळेबंदीपासून नोकरी, शिकवणी, बँक, डॉक्टरांचा सल्ला असे अनेक व्यवहार घरातल्या एका छोट्या पेटीवर येऊन ठेपले. ही पेटी म्हणजे वाय-फायचा राउटर. बैठकीच्या खोलीत तो झकास चालतो. मागच्या खोलीत ऑनलाइन परीक्षा देणाऱ्या मुलीच्या पडद्यावर मात्र चक्र फिरत राहते. अशा वेळी बहुतेक घरांना एकच उपाय सुचतो, तो म्हणजे चार-सहा शिंगांचा नवा, महागडा राउटर. पैसे खर्च होतात, शिंगे वाढतात आणि मागच्या खोलीतले चक्र बऱ्याचदा पूर्वीसारखेच फिरत राहते.

असे का होते, हे समजून घ्यायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. रेडिओ लहरींचे दोन-तीन साधे नियम पुरतात. ते ठाऊक असतील तर पाकिटाला हात न लावताही पुष्कळ काही साधता येते.

लहर केवढी, यावर सारे अवलंबून

आकाशवाणीच्या पुणे केंद्राचे मध्यम लहरींवरील प्रसारण ७९२ किलोहर्ट्‌झचे. म्हणजे त्या लहरीची सेकंदाला सात लाख ब्याण्णव हजार आवर्तने होतात. रेडिओ लहर प्रकाशाच्याच वेगाने, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावते. या वेगाला आवर्तनांच्या संख्येने भागले की एका लहरीची लांबी मिळते. येथे ती जवळजवळ ३८० मीटर आहे. पुण्यात १०१ मेगाहर्ट्‌झवर ऐकू येणाऱ्या विविध भारतीची लहर तीन मीटरची. आपल्या वाय-फायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्‌झचा, त्याची लहर साडेबारा सेंटिमीटरची. नवा पट्टा ५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा, त्याची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या घरातली.

वारंवारता, म्हणजेच फ्रिक्वेन्सी, वाढते तशी लहर आखूड होत जाते. लहरीच्या मार्गात आलेली वस्तू तिला अडवेल की नाही, हे त्या वस्तूचा आकार लहरीच्या तुलनेत केवढा आहे यावर बरेचसे अवलंबून असते. याचे सर्वांत देखणे उदाहरण पुण्याहून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद येथे पाहायला मिळते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली, तेथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभारली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. पण जवळ जाऊन पाहिले तर तबकडी अखंड पत्र्याची नाहीच, ती तारांच्या जाळीची आहे! या जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची. ही दुर्बीण ज्या लहरी ऐकते, त्यांतल्या अगदी आखूड लहरीही वीस सेंटिमीटरच्या आहेत. एवढ्या लहरीला ती भोके जाणवतच नाहीत. तिच्या लेखी जाळी म्हणजे गुळगुळीत आरसा. वारा मात्र जाळीतून आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता येतो आणि खर्च वाचतो. डॉ. स्वरूप २०२० मध्ये निवर्तले. त्यांच्या या काटकसरी कल्पनेचे कौतुक जगभर झाले.

हाच नियम घरात उलटा फिरतो. साडेबारा सेंटिमीटरच्या लहरीपुढे लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज म्हणजे अखंड भिंतच. फिश टँक किंवा पाण्याची टाकी वाटेत आली तर लहरीची ऊर्जा पाणी शोषून घेते. राउटर दिसायला नको म्हणून तो टीव्हीमागे किंवा कपाटाच्या डोक्यावर कोपऱ्यात दडवण्याची आपल्याकडची हौस येथे महागात पडते.

अँटेना शक्ती निर्माण करत नाही

कर्वेनगरातून नैर्ऋत्येकडे नजर टाकली की सिंहगड आणि त्यावरील दूरदर्शनचा मनोरा दिसतो. सरळ रेषेत अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. १९८० च्या दशकात पुण्याच्या गच्च्यांवर माशाच्या काट्यासारखे अॅल्युमिनियमचे अँटेना असत आणि त्यांची तोंडे या गडाकडे वळवलेली असत. वादळात अँटेना फिरला की पडद्यावर मुंग्या आणि मग एक जण गच्चीवर, दुसरा जिन्यात आणि तिसरा टीव्हीसमोर, असा 'आलं का?', 'अजून थोडं!' हा संवाद चाले. त्या पिढीला अँटेनाचे मूळ तत्त्व अनुभवाने ठाऊक होते. अँटेना कोणत्या दिशेला पाहतो, याला महत्त्व आहे.

माशाच्या काट्याचा हा अँटेना यागी आणि उडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकात शोधला. त्याच्या आडव्या कांड्या एका दिशेकडून येणारी ऊर्जा गोळा करतात आणि बाकीच्या दिशांकडे पाठ फिरवतात. अभियंते याला 'गेन' म्हणतात. या शब्दाने फसू नये. बॅटरीच्या नळकांड्यातला आरसा बल्बचा प्रकाश वाढवत नाही, फक्त तो पुढे वळवतो, त्यातलाच हा प्रकार. एका दिशेला जास्त द्यायचे तर दुसरीकडचे काढूनच द्यावे लागते.

राउटरचे उभे शिंग ऊर्जा कशी वाटते? त्याचा आकार डोळ्यांसमोर आणायचा तर मेदूवडा आठवावा. शिंग वड्याच्या भोकातून उभे आहे अशी कल्पना करा. चारी बाजूंना, आडव्या पातळीत भरपूर; टोकाच्या सरळ वर आणि सरळ खाली जवळजवळ काहीच नाही. जास्त 'गेन'चा अँटेना हा वडा थापून त्याचे थालीपीठ करतो. त्याच मजल्यावर तो लांबवर पोचतो, पण वरच्या-खालच्या मजल्याचे आणखी हिरावून घेतो. दुमजली रो-हाउसमध्ये राउटर तळमजल्यावर असेल आणि अभ्यासाची खोली नेमकी त्याच्या डोक्यावर असेल, तर उभे शिंग त्या खोलीला सर्वांत कमी देते. एखादे शिंग आडवे करून पाहणे हा तेथे फुकटचा उपाय आहे.

मग चार किंवा सहा शिंगे कशासाठी? ती शक्तीची बेरीज करण्यासाठी नसतात. भिंतींवर आपटून लहर अनेक वाटांनी पोचते. जुन्या टीव्हीवर याच कारणाने माणसाशेजारी त्याची फिकट सावली दिसे. २००९ मध्ये वाय-फायचे 'एन' मानक आले आणि या दोषाचाच उपयोग सुरू झाला. निरनिराळ्या वाटांनी निरनिराळी माहिती एकाच वेळी पाठवायची. मात्र त्यासाठी समोरच्या उपकरणातही तितकेच अँटेना लागतात. बहुतेक मोबाइलमध्ये ते दोनच असतात. दुकानदार सहा शिंगे कौतुकाने दाखवू लागला, तर आपल्या हातातल्या मोबाइलला त्यांपैकी कितींशी बोलता येणार, हे त्याला विचारायला हरकत नाही.

डेसिबलचा हिशेब

रेडिओ अभियंते शक्ती डेसिबलमध्ये मोजतात, कारण येथे आकडे प्रचंड पटींनी बदलतात. या हिशेबात १० डेसिबल म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट, ३ म्हणजे साधारण दुप्पट. एक मिलिवॅट म्हणजे शून्य असे धरले, तर शंभर मिलिवॅटचा राउटर २० वर असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की शक्ती चौथाईवर येते. दहा मीटरवर २.४ गिगाहर्ट्‌झचा संकेत सुमारे वजा ४० वर उतरलेला असतो. पुढे भिंती सुरू होतात. विटांची भिंत पाच ते दहा डेसिबल खाते. सळयांचे जाड काँक्रीट त्याहून बरेच जास्त. ओलसर भिंतीची भूक आणखी मोठी. संकेत वजा ६५ ते ७० पर्यंत आला तरी काम निभते. वजा ८० च्या खाली गेला की चक्र फिरू लागते. वजा ७० म्हणजे एका वॅटचा एक हजार कोटीवा भाग, आणि एवढ्यावर चित्रफीत चालते हे खरे तर आश्चर्यच!

राउटरची शक्ती दहापट वाढवली, तर पदरात पडतात १० डेसिबल. म्हणजे जेमतेम एक-दीड भिंत. तोच राउटर उचलून भिंतीच्या अलीकडे, घराच्या मध्यावर, खांद्याएवढ्या उंचीवर ठेवला तर तेवढाच लाभ विनाखर्च मिळतो. शिवाय संभाषण दुतर्फी असते. राउटर ओरडून बोलू लागला तरी मोबाइलचा आवाज वाढत नाही. मोबाइलवर पाचही रेघा दिसतात आणि पान उघडत नाही, या कोड्याचे एक उत्तर येथे आहे. राउटरचे बोलणे पोचते, मोबाइलचे उत्तर वाटेत विरते.

५ गिगाहर्ट्‌झची लहर 'लवकर संपते' असे म्हणतात, ते अर्धसत्य आहे. खोलीतली हवा तिला शोषत नाही. लहर आखूड म्हणून तिचा अँटेनाही आखूड आणि त्याची ओंजळ लहान. तेवढ्यानेच सहा-सात डेसिबलचा फटका बसतो. वर भिंतीही तिला जास्त अडवतात. पण या पट्ट्याचा एक मोठा गुण आहे. तेथे गर्दी कमी असते.

सामाईक नळ

२.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भारतात जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ट्रान्समीटरची शक्ती कमाल १ वॅट आणि अँटेनाच्या केंद्रीकरणासह परिणामी शक्ती ४ वॅट, अशी मर्यादा नियमांनी घातली. परवाना नाही म्हणजे मालकी नाही. वाड्यातल्या सामाईक नळाप्रमाणे तो सर्वांचा आहे. त्यावर वाय-फाय, ब्लूटूथ, बिनतारी माउस अशी सारी बिऱ्हाडे पाणी भरतात आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह चालू झाला की तोही मध्येच बादली लावतो.

या पट्ट्यात तेरा चॅनेल आहेत, पण ती एकमेकांपासून फक्त ५ मेगाहर्ट्‌झवर आणि प्रत्येकाची रुंदी २० मेगाहर्ट्‌झची. त्यामुळे एकमेकांवर न चढणारी म्हणून १, ६ आणि ११ ही तीनच प्रचलित आहेत. एका जिन्याला बारा फ्लॅट असतील तर प्रत्येक चॅनेलवर सरासरी चार घरे येणार. यात एक गंमत आहे. एकाच चॅनेलवरचे राउटर परस्परांचे बोलणे ओळखतात आणि रांग लावतात. वेग कमी होतो, पण गोंधळ होत नाही. एखाद्या घराने शहाणपणा करून 'मोकळे' म्हणून ३ क्रमांक निवडला, की त्याला १ आणि ६ दोन्हीकडचा गलका ऐकू येतो, भाषा मात्र कळत नाही. स्वतःचे नुकसान होतेच, शेजाऱ्यांचेही होते. अशा इमारतीत प्रत्येकाने आपल्या राउटरची शक्ती वाढवणे म्हणजे मंगल कार्यालयात सगळ्या पंगतींनी एकदमच मोठ्याने बोलू लागणे. सोसायटीच्या बैठकीत पार्किंगवर दोन तास खर्ची पडतात. चॅनेलच्या वाटणीला दहा मिनिटे पुरावीत.

२.४ च्या पट्ट्यात जागा आहे ती अवघी ८३.५ मेगाहर्ट्‌झ. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने ६०५ मेगाहर्ट्‌झ परवानामुक्त केले. ज्या खोलीत राउटर आहे तेथे टीव्ही आणि लॅपटॉप ५ वर न्यावेत. दूरच्या खोलीतली, कमी माहिती लागणारी उपकरणे २.४ वर राहू द्यावीत. मागची खोली दोन-तीन भिंतींपलीकडे असेल, तर मात्र केबल ओढून तेथे दुसरा छोटा राउटर लावण्याला पर्याय नाही. खोडदच्या दुर्बिणीतही तीस तबकड्यांतून आलेला संकेत मध्यवर्ती इमारतीपर्यंत येतो तो ऑप्टिकल फायबरमधून. जेथे तार नेणे शक्य आहे तेथे ती न्यावी, हे रेडिओचे शास्त्र ज्यांनी कोळून प्यायले आहे तेच करतात.

दोन शंका वारंवार विचारल्या जातात. पहिली पावसाची. डिश टीव्ही जोराच्या सरीत बंद पडतो, कारण त्याची लहर अडीच सेंटिमीटरची आहे आणि पावसाचे थेंब तिला विखुरतात. वाय-फायच्या लांब लहरीला घरातल्या घरात पाऊस जाणवत नाही. दुसरी शंका आरोग्याची. या लहरींत रेणू मोडण्याइतकी ऊर्जा नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींचा समावेश 'शक्यता नाकारता येत नाही' या गटात केला, हेही खरे. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून मोबाइल मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. राउटरपासून एक मीटरवर पोचणारी शक्ती त्या मर्यादेच्याही अगदी छोट्या अंशाएवढी असते.

राहता राहिला गच्चीवरचा प्रश्न. एका इमारतीतले इंटरनेट समोरच्या गल्लीतल्या इमारतीत न्यायचे तर दोन गच्च्यांवर समोरासमोर दिशादर्शी अँटेना लावतात. 'समोरची गच्ची दिसते ना, मग झाले' असे समजून काम उरकले जाते. लहर मात्र दोऱ्यासारखी जात नाही. मधल्या भागात ती फुग्यासारखी फुगते. एक किलोमीटरच्या दुव्यात ५.८ गिगाहर्ट्‌झची लहर ऐन मध्यावर सरळ रेषेच्या चहूबाजूंना साडेतीन मीटर जागा मागते, २.४ ची साडेपाच मीटर. कर्वेनगरात गल्लोगल्ली झाडे आहेत. फाल्गुन-चैत्रात फांद्या ओक्याबोक्या असताना जोडलेला दुवा आषाढात, ओल्या पानांची भिंत उभी राहिली, की तुटू लागतो. अँटेना वर चढवावा तर २.४ गिगाहर्ट्‌झच्या नियमांनी गच्चीपासूनची उंची ५ मीटरपर्यंतच ठेवली आहे. तेव्हा गच्चीचा कोणता कोपरा निवडायचा, हे पावसाळ्यातले झाड डोळ्यांसमोर आणूनच ठरवलेले बरे.