दुकान जोरात, पण गृहकर्जाला नकार

डोंबिवलीत स्टेशनजवळ इलेक्ट्रिक सामानाचे दुकान चालवणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाचे उदाहरण घेऊ. सकाळी नऊ वाजता उघडलेले शटर रात्री साडेनऊलाच खाली येते. वर्षाची विक्री ४८ लाखांची, फिटिंगची कामे धरून हाती उरणारा नफा साडेनऊ लाखांच्या आसपास. दुकानातला मदतनीस, टेम्पो, मुलांच्या शाळेची फी, सारे वेळच्या वेळी चुकते होते. त्याच इमारतीत भाड्याने राहणाऱ्या, महिना ६० हजार पगाराच्या नोकरदाराला बँक पंधरवड्यात गृहकर्ज मंजूर करते आणि या दुकानदाराची फाइल मात्र ‘उत्पन्न अपुरे’ असा शेरा घेऊन परत येते. आपल्यापेक्षा कमी कमावणाऱ्याला घर मिळते आणि आपल्याला नाही, हे कोडे त्याला उलगडत नाही. बँकेला आकस असतो असे मात्र नाही. दुकानदाराचे उत्पन्न बँक गल्ल्यात मोजत नाही, ती ते विवरणपत्रात मोजते, आणि तेथे त्याने स्वतःच वेगळा आकडा लिहिलेला असतो.

छोट्या व्यावसायिकांना हिशेबाच्या वह्यांच्या जाचातून सोडवण्यासाठी आयकर कायद्यात अनुमानित उत्पन्नाची सोय करण्यात आली. १९६१ च्या कायद्यातील ‘४४ एडी’ या कलमाच्या नावानेच ती व्यापाऱ्यांच्या तोंडी बसली. उलाढालीच्या ८ टक्के, आणि पैसे बँकेमार्फत किंवा डिजिटल मार्गाने आले असल्यास ६ टक्के, इतका नफा दाखवला की सविस्तर ताळेबंद ठेवण्याची गरज उरत नाही. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद अशा व्यावसायिकांसाठी हेच प्रमाण ५० टक्के आहे. हे किमान प्रमाण आहे. प्रत्यक्ष नफा अधिक असेल तर अधिकच दाखवावा, अशी कायद्याची अपेक्षा असते. व्यवहारात मात्र किमान हेच कमाल मानले जाते. ४८ लाखांच्या विक्रीवर ६ टक्के म्हणजे २ लाख ८८ हजार. कर शून्य, कटकट शून्य, आणि सल्लागाराची फीही माफक.

आता बँकेचा हिशेब पाहू. २ लाख ८८ हजार म्हणजे महिन्याला २४ हजार. सर्वसाधारणपणे उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंतची रक्कम हप्त्यांसाठी धरली जाते, म्हणजे १२ हजार रुपये. व्याजदर ९ टक्के आणि मुदत २० वर्षे धरली, तर एक लाखाच्या कर्जाला महिना सुमारे ९०० रुपये हप्ता पडतो. त्यामुळे १२ हजारांत जेमतेम सव्वातेरा लाखांचे कर्ज बसते. डोंबिवलीत तेवढ्यात काय मिळते, हे तेथील रहिवाशांना सांगायला नको. याच दुकानदाराने खरा नफा, म्हणजे ९ लाख ६० हजार दाखवला असता, तर मासिक उत्पन्न ८० हजार, हप्त्याची ऐपत ४० हजार आणि कर्ज ४४ लाखांच्या पुढे गेले असते. टेम्पोचा हप्ता चालू असेल तर तो आधी वजा होतो. अन्य कर्जाचा दर हजार रुपयांचा हप्ता गृहकर्जाची मर्यादा सव्वा लाखाच्या आत-बाहेर, नेमके सांगायचे तर १ लाख ११ हजारांनी, खाली आणतो.

यातील विरोधाभास असा, की कर वाचवण्यासाठी उत्पन्न दडवण्याचे जुने कारणच आता पुष्कळसे उरलेले नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. म्हणजे ९ लाख ६० हजार दाखवले काय आणि २ लाख ८८ हजार दाखवले काय, कराचा आकडा तोच. तरीही अडीच-तीन लाखांचे विवरणपत्र भरण्याची सवय सुटत नाही. ‘आकडा एकदा वाढवला की पुन्हा खाली आणता येत नाही’ ही बाजारपेठेतील समजूत त्यामागे आहे. धंद्यातील चढउतार पटण्याजोगा असेल, तर ती समजूत निराधारच म्हणावी लागेल. नव्या प्रणालीची एक बाजू मात्र ध्यानात ठेवायला हवी. स्वतः राहत असलेल्या घराच्या कर्जाच्या व्याजावर जुन्या प्रणालीत मिळणारी दोन लाखांपर्यंतची वजावट नव्या प्रणालीत मिळत नाही.

आकडा वाढवायचा तर तो केव्हापासून, हा खरा प्रश्न आहे. बँका साधारणतः दोन ते तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात आणि बहुधा त्यांची सरासरी धरतात. मागच्या वर्षी तीन लाख आणि यंदा एकदम दहा लाख, असे दिसले की अधिकाऱ्याच्या भुवया उंचावतात. दोन वर्षांची विवरणपत्रे एकाच आठवड्यात भरलेली असली, तर ती कर्जासाठीच भरली हे उघड होते. त्यामुळे घर घेण्याचा विचार मनात आला की इस्टेट एजंटापूर्वी सनदी लेखापालाची गाठ घ्यावी लागते, आणि तीही किमान दोन वर्षे आधी. पूर्वी ओळखीतल्या कोणाकडून तरी ‘बँकेपुरता’ ताळेबंद करून घेण्याचे प्रकार चालत. २०१९ पासून सनदी लेखापालांच्या प्रमाणपत्रावर स्वतंत्र ओळख क्रमांक घालणे बंधनकारक झाले असून, तो खरा की खोटा हे बँकेला संगणकावर तपासता येते. जीएसटीची विवरणपत्रे, बँकेचे खातेउतारे आणि आयकर विवरणपत्र हे तिन्ही कागद शेजारी ठेवले जातात. तिन्हींत उलाढाल वेगवेगळी असेल, तर खुलासा मागितला जातो.

ताळेबंद रीतसर ठेवणाऱ्यांना एक फायदा मिळतो, ज्याची फारशी चर्चा होत नाही. यंत्रे, वाहने, फर्निचर यांवरील घसारा नफ्यातून वजा होतो, पण तो पैसा खिशातून गेलेला नसतो. त्यामुळे अनेक बँका उत्पन्न मोजताना घसाऱ्याची रक्कम, पूर्णतः वा अंशतः, पुन्हा मिळवतात. छापखाना, दंतवैद्यकीय दवाखाना, लेथचा कारखाना अशा भांडवली साधनांवर चालणाऱ्या व्यवसायांत ही रक्कम मोठी असते. अनुमानित उत्पन्न दाखवणाऱ्याला मात्र ती वेगळी दाखवता येत नाही.

खातेउताऱ्याचे महत्त्वही तेवढेच. वर्षभराचा उतारा घेऊन ठरावीक तारखांना किती शिल्लक राहिली, याची सरासरी काढली जाते. महिनाभर रिकामे असलेले खाते अर्ज करण्याच्या आदल्या आठवड्यात रोख भरून फुगवले, तर ते लगेच नजरेत भरते. परत गेलेले धनादेश ही त्याहून मोठी अडचण. व्यापाऱ्याच्या लेखी ‘पार्टीचा पेमेंट दोन दिवस उशिरा आला’ एवढीच ती गोष्ट असते, बँक तिच्यात उद्याचा चुकलेला हप्ता पाहते.

यानंतर दुकानाची पडताळणी होते. व्यवसाय किती वर्षे चालू आहे, याचा पुरावा म्हणून गुमास्ता परवाना, उद्यम नोंदणी, जागेचा करार किंवा वीजबिल मागितले जाते. बँकेचा माणूस कधी पूर्वसूचनेशिवायही येऊन जातो. पाटी, माल, गिऱ्हाईक पाहतो आणि शेजारच्या दुकानात चौकशी करतो. घरूनच काम करणारे अनुवादक, शिकवणी घेणारे शिक्षक, केटरिंगच्या ऑर्डरी घेणाऱ्या गृहिणी यांची पंचाईत येथे होते, कारण दाखवायला पाटीच नसते. अशांनी ग्राहकांशी झालेले करार, बिले आणि त्या बिलांचे खात्यात जमा झालेले पैसे यांची साखळी जुळवून ठेवली, तर काम पुष्कळ सोपे होते.

कागद कमी पडतात तेथे महाराष्ट्रातील व्यावसायिकाची पावले आजही नागरी सहकारी बँकेकडे वळतात. पंधरा वर्षे रोज पिग्मी भरणाऱ्या दुकानदाराची नियमितता शाखाधिकाऱ्याला तोंडपाठ असते. विवरणपत्राची गरज त्यामुळे संपत नाही, पण माणूस ओळखीचा असल्याने फाइल निदान नीट वाचली जाते. काही गृहवित्त कंपन्या प्रत्यक्ष व्यवसाय पाहून उत्पन्नाचा अंदाज बांधतात आणि त्यावर कर्ज देतात. त्यांचे व्याज मात्र चढे असते. ४० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जावर साडेआठ टक्क्यांनी सुमारे ३४ हजार ७०० रुपये हप्ता येतो, तर साडेनऊ टक्क्यांनी ३७ हजार ३०० च्या घरात जातो. मुदतभरात हा फरक सहा लाखांहून अधिक होतो. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड आकारता येत नाही. त्यामुळे महाग कर्ज घेऊन, दोन-तीन वर्षांत कागदपत्रे सुधारून ते दुसऱ्या बँकेत वळवण्याचा मार्ग खुला राहतो.

स्वतःच्या गाठीचा वाटा हा आणखी एक कच्चा दुवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या कमाल ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम मिळू शकते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च या किमतीत सामान्यतः धरला जात नाही. ५० लाखांचे घर घ्यायचे तर दहा लाख आणि वर हा खर्च, एवढे पैसे खात्यात दिसावे लागतात. व्यापाऱ्याकडे ते असतातही, पण पुष्कळदा रोखीत. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार वा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यावर २०१५ पासून बंदी असून, स्वीकारलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो.

उत्पन्न अनियमित असणाऱ्यांसाठी ओव्हरड्राफ्ट स्वरूपाचे गृहकर्ज सोयीचे ठरते. दिवाळीच्या हंगामातील पैसा त्या खात्यात ठेवला की तेवढ्यावरचे व्याज थांबते आणि माल भरताना तो पुन्हा काढता येतो. अशा कर्जाचा दर थोडा अधिक असू शकतो, तो किती हे आधी विचारून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाचा सर्व खर्च मिळून प्रत्यक्ष वार्षिक दर किती पडतो, हे सांगणारे मुख्य माहितीपत्रक कर्जदाराला देणे बंधनकारक आहे. एकरकमी विम्याचा हप्ता कर्जात मिसळला असेल, तर तोही तेथेच दिसतो.

एका बँकेने नाकारले की त्याच आठवड्यात आणखी चार ठिकाणी अर्ज टाकण्याची घाई अनेकदा अंगाशी येते. प्रत्येक चौकशीची नोंद पतअहवालात होते आणि गुणांक घसरू शकतो. नकाराची मुख्य कारणे लेखी कळवावीत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. ते पत्र मागून घ्यावे आणि पतअहवालाची प्रतही पाहावी. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून तो वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. जामीन राहिलेल्या मित्राचे थकलेले कर्ज किंवा कधीच बंद न केलेले क्रेडिट कार्ड तेथे निघाले, तर पुढचा अर्ज करण्यापूर्वी ते मिटवावे लागते.